वापरलेल्या अर्धस्वयंचलित शिकारी कार्बाइनसाठी काडतुसाची निवड : रुगर ‘.४४ मॅग्नम कार्बाइन’च्या संदर्भात एक विवेचन

सारांश

अर्धस्वयंचलित बंदुकीत काडतूस केवळ गोळी झाडण्याचे साधन नसते. त्यातून निर्माण होणाऱ्या वायूवरच बंदुकीची पुढील सारी हालचाल अवलंबून असते. त्यामुळे अशा बंदुकीसाठी काडतूस निवडणे म्हणजे यंत्राचा एक भाग निवडणे होय. बंदूक जुनी असेल आणि तिचे उत्पादन थांबलेले असेल, तर ही निवड अधिकच जबाबदारीची ठरते. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील रुगर कंपनीची ‘.४४ मॅग्नम’ कार्बाइन हे उदाहरण घेतले आहे. वायुयंत्रणा, मॅगझिनची रचना, नळीतील पीळ, गोळीची बांधणी, कायदा आणि पर्यावरण या घटकांच्या आधारे निवडीचा विचार येथे केला आहे.

बीजसंज्ञा : अर्धस्वयंचलित कार्बाइन, काडतूस, वायुयंत्रणा, पीळ, ग्रीनहिल सूत्र, शिसे-विषबाधा

१. प्रस्तावना

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू झाल्यानंतर शिकार हा विषय आपल्या व्यवहारातून जवळजवळ नाहीसा झाला. अमेरिकेत मात्र हरणांची शिकार हा राज्य शासनांच्या परवान्याने व ठरावीक हंगामात चालणारा, वन्यजीव-व्यवस्थापनाचा एक मान्य भाग आहे. तेथे जुन्या शिकारी बंदुका कायदेशीरपणे विकल्या व घेतल्या जातात. अशी बंदूक घेणाऱ्यासमोर पहिला प्रश्न उभा राहतो तो ‘हिच्यात कोणते काडतूस वापरावे?’ हा.

वरवर पाहता हा प्रश्न दुकानदाराला विचारून सुटेल असे वाटते. प्रत्यक्षात मात्र त्यात यामिकी, पदार्थविज्ञान, विधी आणि परिसरविज्ञान या शाखा एकत्र येतात. चुकीच्या निवडीचे परिणामही किरकोळ नसतात. बंदूक अडकू शकते किंवा कायमची निकामी होऊ शकते. क्वचित प्रसंगी झाडणाऱ्यास इजा होते. बहुतेक वेळा मात्र त्याची किंमत जखमी होऊन झाडीत नाहीसा झालेला प्राणी मोजतो. म्हणून या प्रश्नाची शास्त्रशुद्ध मांडणी करणे अगत्याचे आहे.

२. उदाहरणादाखल घेतलेली बंदूक

अमेरिकेतील स्टर्म, रुगर आणि कंपनीची स्थापना १९४९ मध्ये झाली. आरंभी ही कंपनी पिस्तुले व रिव्हॉल्व्हर तयार करीत असे. १९६१ च्या सुमारास तिने आपली पहिली लांब नळीची बंदूक बाजारात आणली. तीच ही .४४ मॅग्नम कार्बाइन होय. सुरुवातीस तिला ‘डीअरस्टॉकर’ असे नाव होते. तथापि इथाका कंपनीच्या ‘डीअरस्लेअर’ या बंदुकीच्या नावाशी साधर्म्य असल्याच्या वादामुळे ते सोडून देण्यात आले. १९८५ मध्ये या बंदुकीचे उत्पादन थांबले. म्हणजे आज बाजारात मिळणारी अशी प्रत्येक बंदूक किमान चार दशके जुनी आहे. तिचे बहुतेक सुटे भाग कंपनीकडे आता उपलब्ध नाहीत.

या बंदुकीचे वजन सुमारे २.६ किलोग्रॅम आणि नळीची लांबी साडेअठरा इंच, म्हणजे सुमारे ४७ सेंटिमीटर आहे. नळीखाली नळकांडीच्या आकाराचे मॅगझिन असून त्यात चार काडतुसे बसतात. दाट झाडीत, कमी अंतरावर पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार करण्यासाठी ती घडविली गेली होती.

तिचे काडतूस मात्र मुळात रिव्हॉल्व्हरचे. ‘.४४ रेमिंग्टन मॅग्नम’ हे काडतूस १९५५-५६ मध्ये स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टन या कंपन्यांनी पुढे आणले. त्यामागे एल्मर कीथ या लेखकाचा अनेक वर्षांचा आग्रह होता. रिव्हॉल्व्हरसाठी जन्मलेले काडतूस अर्धस्वयंचलित लांब बंदुकीत वापरणे, या एकाच गोष्टीतून निवडीचे बहुतेक प्रश्न उद्भवतात.

३. वायुयंत्रणेची मागणी

साध्या बंदुकीत गोळी झाडली गेल्यावर रिकामी पुंगळी काढण्याचे व नवे काडतूस भरण्याचे काम माणसाचा हात करतो. अर्धस्वयंचलित बंदुकीत तेच काम दारूच्या वायूकडे सोपविलेले असते. या कार्बाइनच्या नळीला एक बारीक छिद्र आहे. गोळी त्या छिद्रापलीकडे गेली की मागील तप्त वायूचा अल्पसा अंश त्यातून शिरतो आणि एका आखूड दट्ट्याला ठोसा देतो. दट्ट्या सरकपट्टीला मागे ढकलतो, बोल्ट फिरून सुटतो, पुंगळी बाहेर फेकली जाते आणि परतताना बोल्ट नवे काडतूस नळीत ढकलतो. चाप मात्र प्रत्येक गोळीसाठी नव्याने ओढावा लागतो. म्हणूनच तिला ‘अर्ध’स्वयंचलित म्हणतात.

हा ठोसा कमी पडला तर बोल्ट पुरेसा मागे जात नाही आणि बंदूक अडकते. तो प्रमाणाबाहेर झाला तर बोल्ट वेगाने मागच्या भिंतीवर आदळतो व प्रत्येक गोळीगणिक यंत्राची झीज होते. ठोशाचे प्रमाण छिद्रापाशी असलेल्या दाबावर आणि तो दाब किती काळ टिकतो यावर ठरते. या दोन्ही बाबी गोळीचे वजन व दारूच्या जळण्याचा वेग यांवर अवलंबून असतात.

यातून तीन व्यावहारिक नियम निघतात.

पहिला नियम ‘.४४ स्पेशल’ या काडतुसाविषयी आहे. हे जुने काडतूस व्यासाने सारखे पण लांबीने आखूड असते. मॅग्नम रिव्हॉल्व्हरमध्ये ते निर्धोकपणे चालते, त्यामुळे या कार्बाइनमध्येही चालेल असा समज होतो. अमेरिकेतील मान्य मानकानुसार मॅग्नमचा कमाल दाब प्रति चौरस इंच ३६,००० पौंड, तर स्पेशलचा केवळ १५,५०० पौंड आहे. एवढ्या कमी दाबावर वायुयंत्रणा नीट चालत नाही. शिवाय आखूड काडतूस भरणमार्गात वेडेवाकडे येते. म्हणून ते वर्ज्य होय.

दुसरा नियम अतिजड काडतुसांविषयी आहे. काही उत्पादक ३०० ग्रेन व त्याहून जड गोळ्यांची, मानकापेक्षा अधिक दाबाची काडतुसे विकतात. ती विशिष्ट मजबूत रिव्हॉल्व्हरांसाठी असतात. जुन्या वायुचलित कार्बाइनमध्ये त्यांचा वापर करणे म्हणजे न मिळणारे सुटे भाग स्वतःच्या हाताने मोडणे होय.

तिसरा नियम गोळीच्या आवरणाचा आहे. रिव्हॉल्व्हरसाठी मिळणाऱ्या अनेक स्वस्त गोळ्या निव्वळ शिशाच्या असतात. अशी गोळी छिद्रावरून सरकताना तिचा कीस निघतो, वायूबरोबर आत जातो आणि दट्ट्यावर कठीण थर साचतो. कालांतराने दट्ट्या चिकटतो. म्हणून या बंदुकीसाठी तांब्याच्या मिश्रधातूचे आवरण असलेलीच गोळी घ्यावी. आधीच्या मालकाने शिशाच्या गोळ्या वापरल्या असण्याची शक्यता गृहीत धरून, जुनी बंदूक घेतल्यावर जाणकार कारागिराकडून छिद्र व दट्ट्या उघडून साफ करून घेणे हेच पहिले काम असावे. तसे न करता काडतुसे बदलत राहिल्यास दोष यंत्राचा आणि आळ काडतुसावर असे होते.

४. मॅगझिनची रचना आणि गोळीचा आकार

नळकांडी मॅगझिनमध्ये काडतुसे एकामागे एक राहतात. मागील गोळीचे टोक पुढील काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीला टेकते. टोपी म्हणजे आघाताने पेट घेणारा स्फोटक भाग. बंदुकीचा धक्का बसला की ही सारी रांग मागेपुढे हादरते. गोळीचे टोक कठीण व अणकुचीदार असेल तर ते टोपीवर आघात करू शकते आणि मॅगझिनमध्येच काडतूस उडण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून चपट्या किंवा रुंद टोकाची गोळी हीच येथे योग्य.

याच धक्क्याचा दुसरा परिणाम असा की गोळी पुंगळीत अधिक खोल सरकू शकते. तसे झाल्यास दारूला मिळणारी जागा कमी होऊन दाब धोकादायक रीतीने वाढतो. चांगल्या कारखानी काडतुसात पुंगळीचे तोंड गोळीवरील खाचेत घट्ट दाबलेले असते. हा दाब स्पष्ट दिसत नसेल तर ते काडतूस या बंदुकीसाठी घेऊ नये.

५. नळीतील पीळ आणि गोळीची लांबी

गोळी हवेत स्थिर राहावी म्हणून नळीच्या आतील अंगास सर्पिल खोबणी असतात. त्यांच्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरते व भोवऱ्याप्रमाणे तोल राखते. या कार्बाइनमध्ये पीळ ३८ इंचांत एक फेरा असा, म्हणजे बराच मंद आहे. तो २४० ग्रेनच्या, म्हणजे सुमारे १५.६ ग्रॅम वजनाच्या गोळीस अनुकूल आहे.

किती लांबीची गोळी किती पिळात स्थिर राहील, याचा ढोबळ अंदाज ब्रिटिश गणितज्ञ अल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये मांडलेल्या सूत्राने करता येतो. गोळीच्या व्यासाचा वर्ग करून त्यास १५० ने गुणावे व लांबीने भागावे. येणारे उत्तर म्हणजे एका फेऱ्यास लागणारे कमाल अंतर. सर्व मापे इंचांत घ्यावीत.

.४४ च्या गोळीचा प्रत्यक्ष व्यास ०.४२९ इंच असतो. त्याच्या वर्गास १५० ने गुणल्यास सुमारे २७.६ ही संख्या मिळते. २४० ग्रेनची आवरणयुक्त गोळी साधारण ०.७ इंच लांब धरल्यास उत्तर येते ३९ इंच. नळीचा पीळ ३८ इंचांत एक आहे, म्हणजे तो पुरेसा आहे, पण जेमतेम. ३०० ग्रेनच्या गोळीचा व्यास तोच राहतो, म्हणून वाढलेले वजन लांबीतच जाते. ती सुमारे ०.८५ इंच धरल्यास ३२ ते ३३ इंचांत एक असा पीळ हवा. तो येथे नाही. त्यामुळे जड गोळी डगमगत जाण्याची शक्यता असते.

ही अस्थिरता ओळखण्याची खूण सोपी आहे. कागदी लक्ष्यावर गोळीचे भोक गोल न पडता लांबट पडले, तर गोळी आडवी होत गेली असे समजावे. अशी गोळी नेम धरून झाडली तरी ती कोठे लागेल याचा भरवसा नसतो.

वजनाच्या दृष्टीने ‘जेवढे अधिक तेवढे चांगले’ हा सर्वसामान्य समज येथे दोन्ही अंगांनी खोटा ठरतो. यंत्र त्यास विरोध करते आणि नळीही.

६. वेग, अंतर आणि गोळीची बांधणी

शिकारी गोळीचे काम दुहेरी असते. प्राण्याच्या देहात शिरल्यावर तिने फुलावे, पण तुकडे होऊन वरवर थांबू नये. फुललीच नाही तर बारीक जखम करून आरपार जाते. फार लवकर फुलली तर फुप्फुस व हृदयापर्यंत पोहोचत नाही. दोन्ही प्रकारांत मरण लांबते.

येथे रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचा प्रश्न पुन्हा समोर येतो. रिव्हॉल्व्हरच्या आखूड नळीतून २४० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ३६० मीटर वेगाने निघते आणि तिची ऊर्जा १,००० जूलच्या आसपास असते. लांब नळीच्या बंदुकीतून तीच गोळी सेकंदाला सुमारे ५३६ मीटर वेगाने निघते व ऊर्जा सुमारे २,२४० जूल होते. १०० वारांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरवर, वेग ४२० मीटरपर्यंत उतरतो आणि ऊर्जा सुमारे १,३८० जूल उरते. २०० वारांवर वेग ३४० मीटर व ऊर्जा ९०० जूलपर्यंत घटते.

या आकड्यांतून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की कार्बाइनची गोळी १०० वारांवरही रिव्हॉल्व्हरच्या तोंडाशी असलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने लागते. म्हणून केवळ रिव्हॉल्व्हरच्या वेगाला फुलण्यासाठी बनविलेली, पातळ आवरणाची पोकळ टोकाची गोळी येथे अकाली फुटू शकते. जाड आवरणाची, मऊ टोकाची किंवा शिकारीसाठीच घडविलेली मजबूत पोकळ टोकाची २४० ग्रेनची गोळी हाच सुरक्षित पर्याय होय. दुसरा निष्कर्ष अंतराचा आहे. बोथट गोळीचा वेग हवेत झपाट्याने कमी होतो. त्यामुळे या बंदुकीची मर्यादा सुमारे १०० वारांची मानावी. कोणतेही काडतूस ती मर्यादा दुप्पट करीत नाही.

७. कायदा आणि पर्यावरण

अमेरिकेत शिकारीचे नियम राज्यागणिक बदलतात. ओहायो राज्याने २०१४ मध्ये हरणांच्या शिकारीसाठी सरळ भिंतीच्या पुंगळीची रायफल-काडतुसे वापरण्यास मुभा दिली; .४४ मॅग्नम त्यात बसते. उलट पेनसिल्व्हेनियात २०१७ मध्ये अर्धस्वयंचलित रायफलींना लहान प्राण्यांच्या शिकारीपुरती परवानगी मिळाली, पण हरणासारख्या मोठ्या प्राण्यांसाठी बंदी कायम राहिली. म्हणजे काडतूस मान्य असूनही बंदुकीचा प्रकार अमान्य असू शकतो. काडतूस घेण्यापूर्वी त्या हंगामाची नियमपुस्तिका पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

पर्यावरणाचा प्रश्न अधिक मूलगामी आहे. शिशाची गोळी देहात फुटताना सूक्ष्म कण विखरतात. शिकाऱ्याने मागे टाकलेली आतडी मृतभक्षी पक्षी खातात आणि ते कण त्यांच्या पोटात जातात. कॅलिफोर्निया काँडोर या महाकाय गिधाडाची संख्या १९८२ मध्ये अवघ्या २२ पर्यंत घसरली होती. १९८७ मध्ये शेवटचा रानटी पक्षीही पकडून बंदिस्त प्रजननासाठी आणावा लागला. १९९२ पासून पक्षी पुन्हा रानात सोडण्यात आले, तरी शिसे-विषबाधा हे त्यांच्या मृत्यूचे प्रमुख कारण राहिले. म्हणून कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये कायदा करून शिकारीत शिशाच्या दारूगोळ्यावर टप्प्याटप्प्याने बंदी आणली. १ जुलै २०१९ पासून ती पूर्णपणे लागू झाली. जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे भारतातील गिधाडे संपत आल्याचे ज्यांनी पाहिले, त्यांना या साखळीचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको. दोन्हीकडे मूळ हेतू निरुपद्रवी होता. विष पोहोचले ते मृतदेहाच्या वाटेने.

यावर उपाय तांब्याच्या गोळीचा. पण येथे पीळ आडवा येतो. तांब्याची घनता ८.९६, तर शिसे व आवरण मिळून झालेल्या गोळीची सुमारे १०.९ धरतात. त्यामुळे त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. शिवाय घनता कमी असल्याने ग्रीनहिल सूत्रातील उत्तरास सुमारे ०.९१ ने गुणावे लागते. २४० ग्रेनची तांब्याची गोळी सुमारे ०.८५ इंच लांब होईल आणि तिला २९ इंचांत एक असा पीळ लागेल. ३८ इंचांच्या पिळात बसणारी लांबी साधारण ०.६६ इंच येते. म्हणजे तशाच आकाराच्या तांब्याच्या गोळीचे वजन १८० ग्रेनच्या आसपास ठेवावे लागते. एवढ्या हलक्या गोळीने वायुयंत्रणा भरवशाने चालेल किंवा नाही, हे त्या विशिष्ट बंदुकीवर पारखूनच ठरवावे लागते. शिशाविना शिकार करू इच्छिणाऱ्याने ही अडचण खरेदीपूर्वीच लक्षात घ्यावी. पारख समाधानकारक न ठरल्यास बंदूक बदलणे हाच प्रामाणिक मार्ग उरतो.

८. निवडीची कार्यपद्धती

वरील विवेचनाच्या आधारे खालील क्रम सुचविता येतो.

(१) बंदुकीबरोबर मिळालेली जुनी काडतुसे, विशेषतः घरी भरलेली, वापरू नयेत. त्यांतील दारूचे प्रमाण ठाऊक नसते. दारू जादा असल्यास यंत्र फुटू शकते. अगदी कमी असल्यास गोळी नळीतच अडकून पुढची गोळी जीवघेणी ठरू शकते.

(२) नळी, चेंबर, छिद्र, दट्ट्या व स्प्रिंगा यांची कारागिराकडून तपासणी करून घ्यावी आणि कंपनीची मूळ सूचनापुस्तिका मिळवून वाचावी.

(३) आवरणयुक्त, चपट्या टोकाच्या, २४० ग्रेनच्या दोन किंवा तीन कारखानी काडतुसांच्या थोड्या पेट्या घ्याव्यात.

(४) मान्य नेमबाजी-मैदानावर प्रथम चालणुकीची व नंतर अचूकतेची पारख करावी. पुंगळ्या एकसारख्या बाहेर पडतात काय, टोप्या अवाजवी चपट्या झाल्या आहेत काय, भोके गोल पडतात काय, हे पाहावे.

(५) जे काडतूस न अडकता चालेल व ५० ते १०० वारांवर हाताच्या तळव्याएवढ्या जागेत गोळ्या ठेवील, तेच निवडून पुढे त्यात बदल करू नये. अचूकतेत थोडे उजवे पण अधूनमधून अडकणारे काडतूस नाकारावे.

९. निष्कर्ष

काडतुसाची निवड सामान्यतः सामर्थ्याच्या भाषेत केली जाते. रुगर कार्बाइनचे उदाहरण दाखविते की जुन्या अर्धस्वयंचलित बंदुकीबाबत ही भाषा अपुरी आहे. वायुयंत्रणा, मॅगझिन, पीळ व गोळीची बांधणी या चारही घटकांनी मान्य केलेला पट्टा अरुंद असतो आणि २४० ग्रेनची आवरणयुक्त गोळी त्या पट्ट्याच्या मध्यभागी येते. ज्या गोळीसाठी यंत्र घडविले गेले तिच्यापासून दूर जाताना प्रत्येक पावलाची किंमत द्यावी लागते. शिशाचा त्याग करण्यासारख्या योग्य कारणासाठीही ती चुकत नाही. म्हणून निवड करणाऱ्याने बंदुकीच्या मर्यादा आधी मोजाव्यात, त्या मर्यादांत आपले अंतर ठरवावे आणि जेथे खात्री नाही तेथे चाप ओढू नये. यंत्राचे आयुष्य, माणसाची सुरक्षितता आणि प्राण्याच्या वाट्यास येणाऱ्या वेदना या तिन्हींचा विचार त्यात एकत्रितपणे साधला जातो.